बातमीदाराचा एप्रन

२ एप्रिल

कळपाच्या वहीत एका जनावराला एकच ओळ मिळते. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आई, बाप, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं, आणि सगळ्यात शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना माझ्या करंगळीएवढा रुंद. काल शेळ्यांच्या वाणकेंद्रातल्या मॅडम वही तपासायला आल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, आकडे तुमचे अगदी चोख, पण शेऱ्यात गोष्टी नका हो लिहू. 'रागीट आहे, पण मनाने चांगली' हे मी संगणकात कुठे भरू?"

म्हणून ही दुसरी वही. हिला रकाने नाहीत. दुपारी शिलाई मशीनवर कापड ठेवायच्या आधी थोडं लिहीन म्हणते.

मुद्द्याचं आधी. केंद्र यंदाच्या करडांमधून एक बोकड निवडणार आहे. तो पुढे आसपासच्या सगळ्या कळपांना बाप म्हणून जाईल. अटी दोन. करडं भरभर वाढणारी हवीत, आणि कोण कुणाचं याची नोंद निर्दोष हवी. निर्दोष म्हणजे निर्दोष, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. बारा कळप यादीत आहेत, आमचा त्यातला एक.

वहीचं पहिलं पान माझ्या नवऱ्याच्या अक्षरात आहे. आठ शेळ्या, आठ ओळी. तो गेला त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हा सगळे म्हणत होते, शिवणकाम करणारी बाई, सहा महिन्यांत शेळ्या विकून मोकळी होईल. आज बावीस आहेत. तेव्हा आमचा बोकड निवडला जावा असं मला फार वाटतं. लोकांना दाखवायला म्हणून नाही.

थोडंसं लोकांना दाखवायलाही.

५ एप्रिल

केंद्राने पैदाशीसाठी दिलेला बोकड महिन्यापासून आमच्याकडे मुक्कामाला आहे. तांबूस, रुंद छातीचा, चालतो तेव्हा जमीन आपलीच असल्यासारखा. पहिला चारा त्याला, गार सावली त्याला, आणि हाक मारल्याशिवाय तो उठत नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'जावई' ठेवलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं होडीतून माणसं नदीपार केली, त्यामुळे माणसांची पारख आहे म्हणतात. बोकडांचीही असावी.

दुसरा बोकड आमचाच. काळा, डावा कान तेवढा पांढरा, आणि उंचीने जावयाच्या निम्मा. त्याचं नाव बातमीदार, कारण त्याचं काम तेच. सकाळी त्याला शेळ्यांमधून फिरवायचं. जी माजावर असेल ती त्याच्याजवळ थांबते, शेपूट हलवते. बातमी कळली की बातमीदाराला खांबाला बांधायचं आणि शेळीला जावयाकडे न्यायचं. मधल्या मध्ये बातमीदाराने स्वतःच काही करू नये म्हणून त्याच्या पोटाखाली एप्रन बांधतात.

आज मी तो शिवला. जुन्या रेनकोटचं कापड, आत जाड खादी, दुहेरी टीप, चार बंद. अण्णा बाजूला बसून बघत होते.

"म्हणजे वास याने घ्यायचा आणि जेवायचं दुसऱ्याने?"

"अण्णा, शास्त्र आहे ते."

"असेल. मी कुठे नाही म्हणतो? पण शास्त्राच्या पोटाला कुणी रेनकोट बांधला तर त्यालाही आवडायचं नाही."

वहीत बातमीदाराच्या ओळीपुढे मीच लिहिलंय: तीन महिन्यांना सात किलो शंभर ग्रॅम. शेरा: पैदाशीस अयोग्य. दोन शब्द, रकान्यात बरोबर बसतात.

१२ एप्रिल

मी बंदांना सुरगाठ मारते. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, रोज सकाळी कुणाला वेळ आहे? आज बघते तर गाठ भलतीच. दोनदा वळसा घेतलेली, चपटी, काही केल्या सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. रेनकोट आणि बोकड यांची एकत्र चव कशी असते हे आता मला माहीत आहे.

अण्णांना विचारलं. म्हणाले, "खांबाला अंग घासतो तो. गाठ फिरत असेल."

जनावरंही काय काय करतात!

२१ एप्रिल

कुरकुरी माजावर आली. कुरकुरी ही नवऱ्याच्या आठांमधली एक. चारा द्या, कुरकुर. पाणी द्या, कुरकुर. काल सकाळी बातमीदाराने बातमी दिली, लगेच जावयाकडे नेली, तारीख लिहिली. जावयाने काम उरकलं आणि परत सावलीत जाऊन बसला.

संध्याकाळी अण्णा नेहमीप्रमाणे सगळ्यांना नदीकाठी चारायला घेऊन गेले. जावई तेवढा घरी असतो, त्याला चालायचा कंटाळा. बातमीदार मात्र जातो. त्याला एप्रन असतो, म्हणून मी निर्धास्त.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला अभिमान आहे. बातमीदार नदीकाठच्या चिखलात लोळून येतो. पाठ मळलेली, पोट मळलेलं, शेपटीला काटे. पण एप्रन स्वच्छ! घरातून गेला तसाच्या तसा. कापड फार चांगलं निवडलं मी.

अण्णांनाही सांगितलं. ते खोकत खोकत आत गेले. खोकल्याचं औषध आणायला हवं.

४ मे

पैदाशीला ठेवलेल्या बाराही शेळ्यांच्या तारखा लागल्या. मॅडम वही बघून म्हणाल्या, "ताई, अशी वही मी कुठेच पाहिली नाही." मी जावयासारखी मान वर करून दिवसभर फिरले.

अण्णा म्हणाले, "सूनबाई, दार जरा बुटकं आहे. जपून."

१९ सप्टेंबर

मधले महिने नुसते गणवेश शिवण्यात गेले. शाळेच्या मुलांचीही मापं घेताना वाटतं, वही काढून मागच्या वर्षीच्या उंचीतून वजाबाकी करावी.

काल कुरकुरी व्याली. दोन्ही नर. पहिला तांबूस, हुबेहूब जावई, जन्मल्या जन्मल्या आडवा पडून राहिला. दोन किलो चारशे. दुसरा काळा, दोन किलो तीनशे, आणि त्याचा डावा कान पांढरा.

मी म्हटलं, "हा कान कुठून आला हो?"

अण्णा म्हणाले, "कुरकुरीच्या आजीचा होता तसा."

"तुम्ही तिची आजी पाहिलीत?"

"ऐकून आहे."

आजीवर जातात कधी कधी. मॅडमनी मागे समजावलं होतं, एखादा गुण दोन पिढ्या दबून राहतो आणि मग अचानक वर येतो. मीही माझ्या आत्यासारखी शिंकते. काळ्याचं नाव पांढरकान्या ठेवलं. वहीत लिहिलं: आई कुरकुरी, बाप जावई.

२ ऑक्टोबर

आणखी दोन शेळ्यांना पांढऱ्या कानाची करडं झाली. एक नर, एक पाट. कुरकुरीची आजी बरीच फिरलेली दिसते.

२५ ऑक्टोबर

दर पंधरा दिवसांनी वजन. खांबाला काटा टांगायचा, खाली झोळी, झोळीत करडू, आणि करडू शांत होईपर्यंत अण्णांनी त्याच्याशी गप्पा मारायच्या. उपाशीपोटी सकाळीच करायचं, नाहीतर आपण दूधच मोजतो.

पांढरकान्या भावाला मागे टाकून पुढे गेलाय. एकच आई, एकच दूध, एकच गोठा, जन्म एका तासाच्या अंतराने. मग हे असं का?

मला उत्तर माहीत आहे. अण्णा. हा लबाड माणूस त्याला चोरून खायला घालतोय. परवा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मक्याचे दाणे सापडले.

"हे काय?"

"मी खातो."

"कच्चे?"

"दातांना व्यायाम."

चारच दात आहेत. उद्यापासून करडांचं खाणं-पिणं सगळं माझ्या हातून. अण्णांना कुंपणाच्या आत बंदी. बघू पांढरकान्या कसा वाढतो ते.

१० नोव्हेंबर

तरीही वाढला. पंधरा दिवसांत दोन किलोला थोडा कमी, भाऊ दीड. अण्णा कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. "काय म्हणतो काटा?" एवढंच विचारलं आणि आभाळाकडे बघत राहिले. मी माफी मागितली. त्यांनी ती फारच थाटात स्वीकारली.

आज थंडी पडली. असल्या सकाळी मला बातमीदाराकडे बघवत नाही. लिहूनच टाकते.

दोन वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, नवऱ्याने एक शेळी आणली. उंच, काळी. चालताना त्याला दम लागायला लागला होता तेव्हा, तरी दोन गावं पलीकडून स्वतः घेऊन आला. म्हणाला, "हिची पिल्लं बघशील तू." ती बातमीदाराला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी मेली. त्याच आठवड्यात नवऱ्याला दवाखान्यात ठेवलं.

करडाला बाटलीने दूध पाजायचं होतं, दिवसातून चारदा. कधी एकदा मिळालं त्याला, कधी दोनदा. कधी शेजारीण येऊन पाजून गेली, कधी कुणीच नाही. मी दवाखान्यात असायचे. अण्णा घरी होते, पण ते तेव्हा नुसते दाराकडे तोंड करून बसायचे. जवळजवळ तीन महिने असेच गेले. सगळं संपल्यावर मी घरी आले, काय करावं कळेना, म्हणून वजनं केली. सात किलो शंभर. शेरा मीच लिहिला. अक्षर चांगलं आलंय.

पुरे. एप्रनचा एक बंद विरलाय, तो बदलायचा आहे.

१८ डिसेंबर

तीन महिन्यांची वजनं! जुळ्यांपैकी तांबूस अकरा किलो दोनशे. पांढरकान्या तेरा किलो सहाशे. मी तीनदा काटा शून्यावर आणून बघितला. बाकीच्या दोन पांढऱ्या कानांनीही आपापल्या सोबत्यांना मागे टाकलं.

मॅडम स्वतः आल्या होत्या. सगळ्या करडांच्या कानाला टोचून रक्ताचा एकेक थेंब कागदी कार्डावर घेतला. वाढीशी जोडलेला कुठलासा एक बारीक फरक त्या शोधताहेत, काहींच्या रक्तात असतो, काहींच्या नसतो. त्याच कार्डावरून आई-बापाचीही खात्री करणार. "नुसती औपचारिकता हो, तुमच्या वहीवर माझा विश्वास आहे. पण हा गडी," पांढरकान्याची हनुवटी धरून म्हणाल्या, "बहुतेक हाच!"

त्या गेल्यावर मी अण्णांना म्हटलं, "ऐकलंत? रक्तावरून बापाची खात्री करणार."

अण्णांचा चहा सांडला.

"रक्तावरून कळतं?"

"सगळं कळतं."

"अरेरे," म्हणाले. बहुतेक चहाला.

२१ जानेवारी

फोन आला. मी गणवेशाला काज करत होते.

मॅडमचा आवाज सावध होता. "ताई, बसलाय ना? तीन करडं जावयाची नाहीत."

"कुठली?"

"पांढऱ्या कानांची."

मी म्हटलं, "पण त्यातला एक जुळा आहे. त्याचा भाऊ?"

"भाऊ जावयाचाच. शेळ्यांमध्ये होतं असं. एकाच माजात दोन बोकड आले, तर जुळ्यांना दोन बाप असू शकतात." आणि मग त्यांना हसू आवरेना. लगेच "सॉरी ताई" म्हणाल्या. पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. तीन नोंदी चुकल्या म्हणजे वही निर्दोष राहिली नाही. कारण लेखी द्यावं लागेल, पंधरा दिवसांत. नाहीतर नाव कायमचं कमी होईल.

वही उघडली. पहिलं पान त्याचं, नंतरची माझी. पहिल्या पानावर एकही खाडाखोड नाही.

२२ जानेवारी

दिवसभर शोध घेतला. बिल्ले बरोबर. कुंपण शाबूत. आसपास दुसरा बोकड नाही. राहिला बातमीदार, पण त्याला एप्रन होता. एप्रन खाली घेऊन ताणला, त्यात पाणी भरलं, दिव्यापुढे धरला. एक टाका हललेला नाही. माझी शिलाई आहे ती. त्यातून मुंगी जाणार नाही, तिथे बोकडाची काय कथा?

अण्णा म्हणाले, "कार्डंच अदलाबदल झाली असतील." मग जेवले नाहीत. माझ्याबरोबर त्यांनाही लागलंय हे. उगाच बिचाऱ्यांना त्रास.

२४ जानेवारी

अण्णांनी नदीकाठून पाल्याचा भारा आणला. मी सोडायला गेले. गाठ सुटेना. दोनदा वळसा, चपटी. दात लावले, आणि तोंडात दोरी धरून तशीच थांबले.

ही चव ओळखीची होती.

"अण्णा."

"काय गं?"

"ही गाठ कुठली?"

"होडीची. पाण्याने फुगली तरी सुटत नाही ती." बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. 

"उकडत होतं त्याला," अण्णा म्हणाले.

"अण्णा!"

"एप्रिल होता. रेनकोट होता. तूच विचार कर."

"तुम्ही रोज नदीवर गेल्यावर एप्रन काढायचात?"

"काढून झाडाला टांगायचो. परत येताना बांधायचो. नीट बांधायचो, तुझी गाठ जमत नाही मला."

"म्हणून तो मळायचा नाही."

"तू कापडाचं एवढं कौतुक केलंस, मग मला सांगवेना."

मी हसले असते, पण रडू येत होतं. दोन्हीचं मिळून भलतंच काही झालं. म्हटलं, "अण्णा, तुमच्या लाडापायी यादीतून नाव जाणार. तुमच्या मुलाने सुरू केलेल्या वहीचं."

तेव्हा ते खुर्चीत बसले. म्हणाले, "त्याच वहीत बघितलं मी. चष्मा शोधत होतो, वही उघडी होती. 'पैदाशीस अयोग्य.' माझ्या पोराने दम लागत असताना आणलेल्या शेळीचं ते पिल्लू. रक्त वाईट नाही गं त्याचं. दूध कमी पडलं. आणि बाटली घेऊन दहा पावलं जायचं माझ्याच्याने झालं नाही तेव्हा." पुढे म्हणाले, "मग उन्हाळ्यात वाटलं, निदान हे झबलं तरी काढू."

मी भारा सोडत राहिले. सुटला नाही. कापला.

२५ जानेवारी

केंद्राला कारण लिहायला बसलो. अण्णांची सूचना: "लिही, शिलाई उसवली. अपघात. कुणावर येणार नाही."

"माझी शिलाई उसवली? मी लिहू?"

"मग लिही, दोरी तुटली."

"दोरीही मीच निवडली होती."

शेवटी जसं झालं तसंच लिहिलं. 'रोज संध्याकाळी नदीकाठी एप्रन काढलेला असे. काढणारे: सासरे. कारण: उकाडा. एप्रनच्या शिवणीत कोणताही दोष नाही.' शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. बातमीदाराच्या रक्ताचंही कार्ड जोडलं. अण्णांनी खाली सही केली, होडीच्या पावत्यांवर करायचे तशी, लांबलचक.

वहीत तीन ठिकाणी 'जावई' खोडून 'बातमीदार' लिहिलं. कळपाच्या वहीतली पहिलीच खाडाखोड. वाचता येतंय.

१७ फेब्रुवारी

मॅडम आल्या. अण्णा नवा सदरा घालून बसले होते, कोर्टात बसावं तसे.

यंदाच्या यादीतून आमचं नाव गेलं. हे त्यांनी पहिलंच सांगितलं. निवड दुसऱ्या कळपाची होणार. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. मी चहा टाकायला आत गेले आणि साखर घालायला विसरले.

परत आले तर मॅडम अण्णांना कागद दाखवत होत्या. तिन्ही करडं बातमीदाराचीच. आणि वाढीशी जोडलेला तो फरक बातमीदाराला आईकडूनही मिळालाय आणि बापाकडूनही. म्हणजे त्याच्या प्रत्येक पिल्लाला तो मिळणारच. जावयाकडे तो एकाच बाजूने आहे, त्याच्या पिल्लांना मिळेल किंवा मिळणारही नाही.

"मग हा एवढासा कसा?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. कुणीतरी दुसऱ्याने सांगावं असं वाटत होतं.

"लहानपणी उपासमार झाली असणार. अंगात असून उपयोग काय, त्या वयात पोटात जायला हवं ना. पण पिल्लांना तो उपास देत नाही, ताई. जे अंगात आहे तेच देतो." मग लगेच बोट वर केलं. "तीन करडांवरून काही सिद्ध होत नाही हं! पण एका आईची, एका दुधाची जुळी, आणि बाप दोन... असा प्रयोग आम्ही ठरवूनसुद्धा जमवू शकलो नसतो." आणि अण्णांकडे वळल्या, "आजोबा, पुढच्या वेळी प्रयोग करताना आम्हाला आधी कळवाल का?"

अण्णा म्हणाले, "विचार करून सांगतो."

ठरलं असं. येत्या एप्रिलपासून निम्म्या शेळ्या जावयाला, निम्म्या बातमीदाराला. उघडपणे, लिहून. पुढल्या वर्षी आकडे टिकले, तर निवडीसाठी पुन्हा अर्ज करायचा. पांढरकान्या तोवर इथेच राहील.

"आणि माज कोण ओळखणार?" मी विचारलं. "बातमीदाराला बढती मिळाली. बातम्या कोण देणार?"

आम्ही तिघंही एकाच वेळी सावलीत बसलेल्या जावयाकडे बघितलं.

१ एप्रिल

या वहीला उद्या वर्ष होईल.

सकाळभर एप्रन उसवत होते. जावयाचा घेर बातमीदाराच्या दीडपट, दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडाव्या लागल्या. एक दिवसाआड पाळी. आज बातमी जावयाने द्यायची. बांधताना तो हललाही नाही, आपल्याला काहीतरी मानाचं नेसवताहेत अशी त्याची समजूत झाली. मग उठून चार पावलं चालला, खाली बघितलं, आणि आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की अण्णांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"गाठ कुठली मारू?" अण्णांनी विचारलं.

"होडीची. आणि अण्णा, याला उकडत नाही."

"याला नाही उकडत," अण्णांनी लगेच मान्य केलं.

बातमीदार मोकळा उभा होता. एप्रन नाही, तर काय करावं त्याला सुचेना. बराच वेळ खांबाजवळच थांबला, बांधलेला असल्यासारखा.

दुपारी कळपाची वही काढली. बातमीदाराच्या ओळीतलं 'पैदाशीस अयोग्य' एका रेघेत खोडलं. नवा शेरा काय लिहावा कळेना. 'योग्य' लिहायचं, तर मॅडमचं बोट वर होईल. पेन घेऊन नुसती बसले. अण्णा मागे येऊन उभे राहिले होते.

"लिही," म्हणाले, "लहानपणी दूध कमी पडलं."

लिहिलं. बारीक अक्षरात, दोन ओळी करून. रकाना भरला.

"पुढे लिही, दोष कुणाचा नाही."

मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. खिशातून मक्याचे दाणे काढून तळहातावर मोजत होते.

"जागा नाही, अण्णा."

"मग तुझी ती दुसरी वही आहे ना?" म्हणाले, आणि बातमीदाराकडे गेले.

म्हणून इथे लिहिते. दोष कुणाचा नाही.